यादीतलं चौथं नाव

माझी बायको वच्छला गेली त्या दिवशी तिच्या माहेरून दोन लुगडी आली. ज्याला रीत माहीत आहे त्याला यातला घोळ लगेच कळेल. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं टाकतात, आणि भाऊ चार असले तरी ते लुगडं एकच येतं. वच्छलाचे भाऊ दोनच, शेषराव थोरले आणि विठ्ठलराव धाकटे. पण दोघांची बोलचाल बंद, कोर्टात केस सुरू. म्हणून थोरल्याचं हिरवं लुगडं वेगळं आलं आणि धाकट्याचं जांभळं वेगळं. दोघे अंगणाच्या दोन टोकांना उभे राहिले. शेजारच्या हंसाबाईनं दोन्ही लुगडी हातात घेऊन मला विचारलं, गुरुजी, वर कोणतं टाकू?

सांगा आता. बायको दारात निजलेली आणि मी मानपान ठरवायचा. मी खेकसलो, टाक ना बाई कोणतंही. तिनं हिरवं आधी टाकलं, त्यावर जांभळं. शेषरावांनी ते पाहिलं, मान फिरवली आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. बहिणीच्या अंगावरही त्यांचा नंबर मागंच पडला. आणि तो मागं पाडणारा दुसऱ्यांदा मीच होतो. पहिल्यांदा कधी, तेच सांगायला बसलो आहे.

मी उकंडराव. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता आर्णीत घर बांधून रिटायर. सगळे गुरुजी म्हणतात. शुद्ध बोलायची सवय लागली आहे, पण चिडलो की मले-तुले बाहेर येते, आणि मी लवकर चिडतो. पूर्वी पोरांवर चिडायचो, मग सरकारवर. आताशा जास्त करून स्वतःवर.

भावाभावांची केस होती रस्त्याची. सासऱ्यांनी हयातीतच वाटणी करून दिली होती. सडकेला लागून असलेलं वावर थोरल्याला, मागचं धाकट्याला, आणि मागच्या वावरात जायला थोरल्याच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं बंडीवाट, बैलगाडी जाईल एवढी. कागदावर काही नाही, बापाचा शब्द. त्या वाटेनं वीस वर्षं बंड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले, कोणी चकार शब्द काढला नाही. मग एका जून महिन्यात, पेरणी तोंडावर असताना, शेषरावांनी जेसीबी बोलावला, वाटेवर आडवा चर खणला आणि वर काट्या टाकल्या. विठ्ठलराव तहसीलीत गेले. तिथून प्रांताकडे, तिथून दिवाणी कोर्टात. एक जिंकला की दुसरा वर जायचा. तेरा वर्षं. तोवर विठ्ठलराव आणि त्यांची बायको नाल्यातून, दुसऱ्याच्या बांधावरून, कापसाची गाठोडी डोक्यावर वाहून आणत होते.

सगळं गाव म्हणे, शेषरावाले जमिनीचा लोभ सुटला. मले ऐकून हसू यायचं आणि लाजही वाटायची. शेषरावाले कसला लोभ? बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. धाकट्याची पोरगी निकिता त्यांच्याच खांद्यावर वाढली. तिला शाळेत सोडणं, सायकल शिकवणं, पुढं तिच्यासाठी स्थळ पाहायला पुसदपर्यंत चपला झिजवणं, सगळं या थोरल्या काकानं, तिच्या मोठेबाबांनी, केलं. त्या माणसानं आठ फुटांच्या पट्ट्यासाठी सख्ख्या भावाचा रस्ता अडवावा? पण अडवला. काहून अडवला ते मले माहीत होतं. साऱ्या दुनियेत शेषराव सोडले तर फक्त मले माहीत होतं.

चर खणला त्याच्या महिनाभर आधी निकिताचं लग्न झालं होतं. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी मानकऱ्यांना दुपट्टा-टोपी देतात. माइकवरून नाव पुकारायचं, माणूस पुढं यायचा, भावकीतल्या कोणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर दुपट्टा टाकायचा. टोपी अशी की दोन दिवसांत उसवते. पण पहिलं नाव कोणाचं, यावर माणसं जीव टाकतात. विठ्ठलराव जानोशावर, नवरदेवाकडचे उतरले होते तिथं, वरातीला आणायला गेलते. जाताना मला म्हणाले, गुरुजी, यादी तुम्हीच करा, माइकही तुम्हीच धरा, मानपान तुम्हाले समजते. दरवेळी मीच धरायचो. आवाज बरा आहे माझा.

यादी करताना पहिलं नाव शेषरावांचंच लिहिलं होतं, देवाशपथ. तेवढ्यात मांडवात तालुक्याचे एक पुढारी आले. त्यांच्या शब्दावर बदल्या होतात, असं आम्ही मास्तर लोक समजायचो. माझी शाळा तेव्हा घरापासून पासष्ट किलोमीटरवर, वच्छलाला दम्याचा त्रास, आणि मला आर्णीला यायचं होतं. म्या विचार केला, या पुढाऱ्यायले पहिली टोपी दिली तर ध्यानात राहीन. शेषराव घरचेच आहेत, समजून घेतील. पुढाऱ्याबरोबर त्यांचे दोन माणसं होते, त्यांना मागं ठेवावं तर तेही बरं दिसेना. असं करता करता शेषराव चौथे गेले.

मी पहिलं नाव पुकारायला माइकजवळ तोंड नेलं तेव्हा शेषराव समोरच्या रांगेत नवं धोतर नेसून बसले होते. माझा आवाज आला तसे ते खुर्चीतून अर्धे उठले. मी पुढाऱ्याचं नाव घेतलं. ते बसले. हे मी पाहिलं, आणि तरी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. चौथं घेतलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. तीनदा पुकारलं. बाकी जो तो आपल्याच नावाची वाट पाहत होता, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्या पोरीला खांद्यावर वाढवलं तिच्या लग्नात तो माणूस जेवलाही नाही.

आणि त्या पुढाऱ्याची गंमत ऐका. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांना माझं नावही आठवेना. बदली झाली ती चार वर्षांनी, ज्येष्ठतेनं, जशी सगळ्यांची होते तशी. म्हणजे टोपी फुकटच गेली.

विठ्ठलरावांना कळलं ते इतकंच की दादा न जेवता निघून गेला. त्यांना वाटलं, पोरीचं लग्न थाटात झालं ते दादाच्या डोळ्यात खुपलं. शेषरावांना वाटलं, धाकट्याला आता मोठी माणसं भेटली, भाऊ चौथा झाला. एक जण म्हणे त्यानं येऊन सांगावं, दुसरा म्हणे त्यानं येऊन विचारावं. आणि मधे मी, तोंडाला कुलूप लावून. पहिल्या आठवड्यात बोललो असतो तर चार शिव्या खाऊन सुटलो असतो. महिन्यानं चर खणला गेला, मग बोलायची हिंमत झाली नाही. केस लागल्यावर तर वाटलं, आता दोघेही माझ्या अंगावर येतील आणि वच्छलाचं माहेर दोन्हीकडून तुटेल. असं मी मला समजवायचो. खरं म्हणजे भीती माझ्या अब्रूची होती.

वच्छला त्या पहिल्या दिवाळीत थोरल्याकडे गेलती. शेषरावांनी पाणी दिलं, आणि ती विचारायला लागली तसे, "तुले माहीत नाही का?" एवढंच म्हणून वावरात निघून गेले. ती तशीच परत आली. अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत मला म्हणाली, तुमी तर माइकवर होते ना जी, दादाले तिथं कोण काय बोललं? मी पेपर वाचत होतो. पेपरातून मान वर न करता म्हणालो, मले काय माहीत. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर भरवसा होता तिचा.

मग कोर्टात ती साक्षीला उभी राहिली, बापाची बंडी त्या वाटेनं जायची म्हणून खरं ते सांगितलं. शेषरावांनी तिलाही दार बंद केलं. तरी दरवर्षी राखी ती पोस्टानं धाडायची, आत एक चिठ्ठी घालून. अकरा वर्षं धाडली. उत्तर एकदाही आलं नाही. माझी एकच इच्छा आहे म्हणायची, दोघं एका पंगतीत बसलेले पाहू द्या. ते काही झालं नाही. दोन लुगडी मात्र आली.

ती गेली त्याच्या दोन वर्षांनी अपील यवतमाळच्या कोर्टात निघालं. तिथं जज्जसाहेबांनी दोघांनाही विचारलं, मध्यस्थीनं मिटवून पाहता का? शेषराव एकाहत्तरचे, विठ्ठलराव सदुसष्टचे. दोघेही थकलेले. हो म्हणाले. मध्यस्थ म्हणून सुमेधाताई नेमल्या गेल्या. यवतमाळच्या जुन्या वकील, पांढरे केस, आवाज हळू. त्यांनी विचारलं, दोघांचाही विश्वास आहे असा कोणी नातेवाईक आहे का, सोबत बसायला? दोघांनीही एकच नाव घेतलं. गुरुजी.

खोली साधी, गोल टेबल, पाण्याचा जग. ना काळे कोट, ना पुकारा. सुमेधाताईंनी पहिलेच सांगितलं की मी जज्ज नाही, मी निकाल देणार नाही, इथं कोणी हरणार नाही. इथं जे बोलाल ते इथंच राहील, कोर्टात कोणी ते वापरू शकणार नाही. पटलं नाही तर उठून जा, केस जशीच्या तशी आहे. आणि एक नियम, एक बोलतो तेव्हा दुसऱ्यानं फक्त ऐकायचं.

मला वाटलं होतं, ही बाई काय करणार? तेरा वर्षं एवढ्या मोठमोठ्या वकिलांनी काही केलं नाही. पण झालं भलतंच. विठ्ठलराव बोलायला लागले. नाल्यातून कापूस कसा आणतो, बायकोची कंबर कशी गेली, एकदा पाण्यात गाठोडं कसं वाहून गेलं. शेषराव ऐकत होते. तेरा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा भावाच्या तोंडून ऐकलं. कोर्टात तर वकील बोलायचे, गट नंबर आणि नकाशे. विठ्ठलराव थांबले तेव्हा शेषराव म्हणाले, "रस्ता घेऊन जा म्हणा त्याले. मले तो पट्टा पाहिजे नाही. पण पहिले त्यानं माफी मागावी."

विठ्ठलराव म्हणाले, कायची माफी? शेषराव म्हणाले, त्याले माहीत आहे. ताईंनी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं, पण गाडी तिथंच अडली. त्याले माहीत आहे. मले काहीच माहीत नाही. मी टेबलाकडे पाहत बसलो. पहिली बैठक तशीच संपली.

आठ दिवसांनी दुसरी. ताईंनी शेषरावांना एकट्याला आत बोलावलं, अर्धा तास. मग सगळ्यांना बसवून म्हणाल्या, शेषरावांनी परवानगी दिली आहे, त्यांना काय लागलं ते त्यांनाच सांगू द्या. शेषरावांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "निकिताच्या लग्नात टोपी," ते म्हणाले. "चौथी."

विठ्ठलराव नुसते पाहत राहिले. कोणती टोपी? मी तर जानोशावर होतो दादा. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं काहीच नव्हतं, ते कोणालाही दिसलं असतं. पण शेषरावांना दिसेना. यादी तुझ्या घरची, माणूस तुझा, तुझ्या सांगण्याबिगर गुरुजी असं करतील का, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. विठ्ठलरावांचा आवाज चढला. म्हणाले, जाऊ द्या ताई, हे काही होत नाही, कोर्टातच होऊ द्या. आणि उठले.

मी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा, लघवीला जायचं असल्यासारखा. म्हणालो, ताई, मले तुमच्याशी एकट्याशी बोलायचं आहे.

शेजारच्या खोलीत मी त्यांना सगळं सांगितलं. पुढारी, बदली, अर्धे उठलेले शेषराव. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर स्वतःच जाऊन सांगतील. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे तुम्ही मला सांगितलं, ते माझ्यापाशी राहील. तुमच्या परवानगीशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही. सांगायचं की नाही, ते तुमचं."

घ्या. आयुष्यभर मी पोरांना छडीनं खरं बोलायला लावलं, आणि इथं मला कोणी छडी दाखवेना. शेषराव, विठ्ठलराव सोडले तर मला आता होतंच कोण? बोललो तर ते दोघेही जाणार. नाही बोललो तर दोघे बाहेरच्या खोलीतून उठून पुन्हा कोर्टात जाणार, आणि मरेपर्यंत तिथंच राहणार. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

उभं राहूनच बोललो. यादी माझी होती. विठ्ठलरावांनी पाहिली नव्हती. पहिलं नाव दादांचं होतं, ते मी खोडलं, माझ्या बदलीसाठी. दादा, तुम्ही खुर्चीतून उठलेले मी पाहिलं होतं.

मग विठ्ठलराव हळू बसले. "तेरा वर्षं कापूस वाहिला ना म्या डोक्यावर, गुरुजी," एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी खुर्ची वळवली, भावाकडे तोंड केलं आणि म्हणाले, दादा, म्या पाहाले पाहिजे होतं. तू जेवला नाही तवाच म्या पळत याले पाहिजे होतं. चुकलं माह्यं. शेषरावांनी मान हलवली. म्याही विचाराले पाहिजे होतं, म्हणाले.

पुढचं सगळं पाऊण तासात झालं. ताई काही सुचवतच नव्हत्या, हेच दोघे सांगत होते आणि त्या लिहीत होत्या. वाट आठ नाही, दहा फूट, ट्रॅक्टर वळला पाहिजे. चर शेषराव स्वतः बुजवणार. नाल्याकडच्या बाजूला पाइप दोघांनी मिळून टाकायचा. पुढच्या पिढीनंही ती अडवायची नाही. कोणत्या कोर्टानं दहा फूट दिले असते? हुकूमनाम्यात आठ होते, तेही एकजण हरल्यावर. मी आपला कोपऱ्यात बसून पाहत होतो आणि हिशेब एकच येत होता, की हे पाऊण तासाचं काम होतं. वच्छला असताना हे कधीही झालं असतं.

विठ्ठलराव नकला घ्यायला गेले. शेषराव बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं आता ते बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"गुरुजी, हे तुमी वच्छीले सांगतलं होतं का?"

नाही, म्हणालो.

शेषराव म्हणाले, मले वाटलं तिले माहीत आहे. नवरा माइकवर, बायकोले सांगतलं नसन असं होईन का? मले वाटे, हिले सगळं माहीत आहे आणि वरून विचारून राह्यली. म्हणून म्या तिच्या चिठ्ठ्यायले उत्तर दिलं नाही. पहिल्या दोन फोडल्या. बाकीच्या तशाच ठेवल्या.

त्यानंतरच्या रविवारी दोघे भाऊ माझ्या घरी आले. एकाच मोटारसायकलवर, विठ्ठलराव चालवत होते. मी चहा ठेवला. शेषरावांनी पिशवीतून पाकिटं काढली, एका दोऱ्यात बांधलेली, अकरा. नऊ बंद. म्हणाले, तिच्या घरीच फोडावं म्हटलं. फोडली. प्रत्येकातून राखी निघाली, रंग उडालेली. विठ्ठलरावांनी थोरल्याच्या हातावर एक एक करून बांधली, नऊच्या नऊ, मनगटापासून वरपर्यंत. शेषराव हात पुढं धरून बसले होते. चिठ्ठ्या त्यांनी माझ्याकडे सरकवल्या. आमचे चष्मे आणले नाहीत, म्हणाले, तुमी वाचा, तुमचा आवाज चांगला आहे.

वच्छलाचं अक्षर मोठं, चौथीपर्यंतचं. पाऊसपाणी, घरची खुशाली, आणि शेवटी तेच, दादा कायचा राग आहे ते एकदा सांग. आठ चिठ्ठ्या वाचल्या. नववी ती गेली त्याच्या आधीच्या वर्षाची. त्यातही तेच होतं, आणि खाली आणखी दोन ओळी. मी थांबलो. विठ्ठलराव म्हणाले, वाचा ना गुरुजी. त्या ओळी गाळता आल्या असत्या, त्यांच्याजवळ चष्मा नव्हता.

मी वाचल्या.

"दादा, तुले लागलं असं लग्नात काय झालं थे म्या गुरुजीले विचारलं. त्यायले माहीत नाही म्हनतात, आन थे माह्याशी खोटं बोलत नाही."